घोटा वाकेना, कोर्ट वाकडे

समोर फराळाचे ताट असताना व्यायामाच्या गोष्टी काढणे हा चकलीचा अपमान आहे, हे आम्हांस कळते. पण काय करावे! गेली दिवाळी आम्ही पाय उशीवर ठेवून काढली.

झाले असे, की दर रविवारी सकाळी आम्ही चार मित्र बॅडमिंटन खेळतो. (हा खेळ एके काळी ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई, तेव्हा पुणेकराने तो सोडणे बरे दिसत नाही.) त्या दिवशी उशीर झाला होता. स्कूटर लावली आणि थंड अंगानेच कोर्टात उतरलो. तिसऱ्याच गुणाला जाळ्याजवळचे फूल उचलायला झेप घेतली, तो मागून कोणी पोटरीवर काठी हाणल्यासारखे वाटले. रागाने वळून पाहतो तर मागे कोणीच नाही! पोटरीचा स्नायू फाटला होता.

‘वय झाले’ म्हणून आम्ही रॅकेट माळ्यावर टाकायला निघालो होतो. पाय बरा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "वयाचे राहू द्या. टाचा न उचलता उकिडवे बसून दाखवा." बसलो, आणि सरळ मागे कलंडलो.

घरी कमोड आला, जेवायला टेबल आले, आणि घोट्याला वाकायचे कारणच उरले नाही. वाचकहो, आपलाही घोटा तपासा. भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटर लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. आमचा पाच सेंटिमीटरवरही टेकेना. घोटा असा अडला, की झेप घेताना टाच उचलली जाते, गुडघा आत कलतो, कंबर वाकते. म्हणजे एकाचे काम तिघांच्या गळ्यात. स्मॅश मारतानाही तेच. पाठीचा वरचा भाग वळत नसला की सगळा ताण खांद्यावर येतो, आणि आपण दोष देतो रॅकेटच्या तारांना.

उपाय अगदी साधा निघाला. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा उचलायच्या आणि सावकाश, तीन अंक मोजत, पायरीच्या खाली न्यायच्या. खुर्चीला धरून उकिडवे बसायचे. एक पाय पुढे टाकून खाली जायचे, पण गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. सूर्यनमस्कार तर घरचेच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांचा केवढा प्रसार केला! पण लहानपणी आम्ही नुसते आकडे वाढवले. शंभर घातल्याची फुशारकी मारली, टाच मात्र एकदाही जमिनीला लागली नाही. आता बाराच घालतो, पण प्रत्येक स्थितीत श्वास घेण्याइतके थांबतो.

आणखी एक जुनी समजूत सोडावी लागली. खेळाआधी वाकून पायाचे अंगठे मिनिटमिनिटभर धरून राहणे आम्हांला मोठे शास्त्रशुद्ध वाटे. पण स्नायू इतका वेळ ताणून धरला, तर त्याचा जोर काही काळ कमीच होतो. तो ताण संध्याकाळी द्यावा. खेळाआधी दहा मिनिटे हालचालच करावी: झपझप चालावे, पाय झुलवावेत, अर्ध्या झेपा घ्याव्यात, फुलाशिवाय रॅकेट फिरवावी आणि मग हलक्या हाताने सुरुवात करावी. मित्र हसतात. हसोत, त्यांची पोटरी अजून शाबूत आहे.

घोटा मोकळा व्हायला तीन महिने लागले. यंदा शेजारच्या पोरांच्या किल्ल्याला माती लिंपायला आम्ही अर्धा तास उकिडवे बसलो आणि हाताचा आधार न घेता उठलो. जाळ्याजवळचे फूल मात्र अजून जाळ्यातच जाते. त्याचा घोट्याशी काही संबंध नाही, असे आमच्या जोडीदाराचे म्हणणे आहे.