जरा सरकून घ्या

मंगळवारी आईला मोतीबिंदूच्या तपासणीला नेलं. दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला पाच गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक दोन गाड्यांमध्ये आठ-नऊ फूट मोकळे. बारा फुटांची आमची गाडी तिथे कुठे बसणार? चार फटी मिळून जवळजवळ तीन गाड्यांची जागा होती, पण आमच्या उपयोगाची एकही नव्हती. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली. परतताना आईच्या डोळ्यांत थेंब घातलेले. गर्दीत तिला एकटीला उभं करून गाडी आणायला जायचा धीर झाला नाही. भर उन्हात तिला हाताला धरून चालवत नेलं.

हंगेरीचे गणिती आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५८ साली हाच हिशेब मांडला. लांबलचक कडेला सारख्या लांबीच्या गाड्या वाटेल तिथे येऊन थांबल्या, तर शेवटी सरासरी ७४.७६ टक्के कड भरते. बाकीची पाव फटींत जाते. लहानमोठ्या गाड्या मिसळल्या की फटींत लहान शिरतात आणि कड थोडी जास्त भरते. पण सोळा फुटांच्या जागेत मधोमध एक स्कूटर साईड स्टँडला लागली, की तिथली मोठ्या गाडीची जागा गेलीच. या हिशेबात एक अट आहे: एकदा थांबलेली गाडी हलायची नाही.

त्या उन्हात आई म्हणाली, "अगं, ही माणसं सरकून का नाही घेत?"

माझी आई सव्वीस वर्षं लोकलने डोंबिवली-व्हीटी करत होती. बाक तिघींचा. चौथी येते, "जरा सरका" म्हणते. तिघी तीन अंगांच्या, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या कुशीत पोर. तरी प्रत्येक जणी दोन बोटं सरकते आणि चौथी अर्धीमुर्धी टेकते, एक पाय बाहेर वाटेत. ठाणं आलं की कुणीतरी उठते आणि ती नीट आत बसते. आई गरोदर असताना सातव्या महिन्यापर्यंत अशीच गेली. तिला जागा दिलेल्या बायकांची नावं तिला आजही पाठ आहेत.

येत्या शुक्रवारी सकाळी नऊला त्याच दवाखान्यात आईचं ऑपरेशन आहे. तुम्ही कुठल्याही दवाखान्यासमोर गाडी लावाल तेव्हा आधीच्या गाडीला धरून लावा, बाहेर काढता येईल एवढंच अंतर सोडा. आणि स्कूटर डबल स्टँडला, अगदी कडेला.