समोरचा घाट गाठण्याचा हट्ट

पावसाळ्यात नदीत बुडालेल्या तरुणाला शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात आणले जाते, तेव्हा सोबतच्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "अहो, पण तो तर पट्टीचा पोहणारा होता." ते खोटे नसते. विहिरीत, तळ्यात तो खरोखरच चांगला पोहत असतो. वाहत्या पाण्यात मात्र नुसते पोहता येऊन भागत नाही, तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे हेही कळावे लागते. गंमत अशी (खरे तर गंमत नव्हेच), की ते उत्तर याच तरुणाने कदाचित अकरावीच्या पेपरात बरोबर लिहिलेले असते.

भौतिकशास्त्रात सापेक्ष वेगाचे हे ठरलेले गणित आहे. नदीची रुंदी, प्रवाहाचा वेग आणि पोहणाऱ्याचा वेग दिलेला असतो. पैलतीर कमीत कमी वेळात कसे गाठाल, एवढाच प्रश्न. क्लासमध्ये सूत्र फळ्यावर येते, नीट आणि सीईटीसाठी पाठ होते आणि सर पुढच्या धड्याकडे वळतात. हे गणित पाण्यात सापडलेल्या माणसाचे आहे, हे सांगायचे राहून जाते.

समजा, नदी 80 मीटर रुंद आहे. माणूस संथ पाण्यात सेकंदाला 1 मीटर पोहतो. हौशी पोहणाऱ्यासाठी हा वेग चांगलाच म्हणायचा. प्रवाहाचा वेग सेकंदाला 0.6 मीटर. त्याने काठाशी काटकोन करून तोंड सरळ पलीकडे ठेवले, तर तो 80 सेकंदांत पार होतो, मात्र समोरच्या घाटापासून 48 मीटर खाली लागतो. प्रवाह त्याला वाहून नेतो, पण उशीर करत नाही. प्रवाहाचा वेग काठाला समांतर असतो, रुंदी कापण्याशी त्याचा काही संबंध नसतो. बरोबर समोरच्याच घाटावर लागायचे, तर प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे 37 अंश तिरके तोंड करून पोहावे लागते. मग ताकदीचा मोठा हिस्सा प्रवाहाशी झगडण्यात जातो, नदी ओलांडायला सेकंदाला 0.8 मीटरच उरतात आणि 100 सेकंद लागतात.

पुस्तकातले गणित इथे संपते. घाबरलेला माणूस मात्र यातले काहीच करत नाही. तो समोरच्या देवळाच्या कळसावर नजर लावतो आणि जसजसा खाली वाहत जाईल, तसतसे तोंड कळसाकडे वळवत राहतो. म्हणजे दर हाताला तो थोडा थोडा अधिक प्रवाहाविरुद्ध पोहू लागतो. हिशेब मांडला तर त्याला 125 सेकंद लागतात. आता पाणी वाढू द्या, प्रवाह 0.9 मीटर होऊ द्या. सरळ तोंड ठेवणारा तरीही 80 सेकंदांतच पार होतो, फक्त 72 मीटर खाली. नेमका कोन साधून पोहणाऱ्याला तीन मिनिटांहून थोडे अधिक लागतात. कळसाकडे बघत पोहणाऱ्याला सात मिनिटे! आणि प्रवाह 1.2 मीटर झाला, तर पहिला 80 सेकंदांत 96 मीटर खाली काठाला लागतो. उरलेल्या दोघांना तो घाट कधीच गाठता येत नाही. कितीही ताकद लावली तरी नाही.

जिवाच्या आकांताने सात मिनिटे पोहणे म्हणजे काय, हे शरीराला विचारावे. दंड भरून येतात, धाप लागते, आणि तोंड पाण्याच्या पातळीवर असताना लागलेली धाप म्हणजे श्वासाबरोबर पाणी. सिनेमात दाखवतात तशी आरडाओरड खरा बुडणारा बहुधा करूच शकत नाही. मिळेल तो श्वास हवा घेण्यातच संपतो. काठावरच्या लोकांना वाटते, पोरगा मजेत डुंबतोय.

'पाण्याला ओढ आहे' असे आपण म्हणतो. पण ही ओढ जाणवते ती पाय तळाला टेकलेले असताना किंवा फांदी धरलेली असताना. मोकळे पोहणारा माणूस पाण्याबरोबरच चाललेला असतो. त्याच्या भोवतीचे पाणी त्याच्या दृष्टीने जवळपास स्थिर असते आणि काठच मागे सरकताना दिसतो. त्या सरकणाऱ्या काठाला घाबरून तो वळतो, आणि तिथेच घात होतो. जुन्या नावाड्याला कोणी सदिश शिकवलेले नसतात. तो होडी आधी काठाकाठाने, जिथे पाणी संथ असते तिथून, वरच्या अंगाला नेतो आणि मगच आडवी घालतो. वाहून जाणे त्याने हिशेबात धरलेले असते.

हे शिकवले तर पोरे पुरात उड्या मारतील, असा आक्षेप येईल. उलट हेच आकडे त्यांना काठावर थांबवतील. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम 46.40 सेकंदांचा झाला. म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरही नाहीत. पुराचे पाणी सेकंदाला 3 मीटरने वाहत असेल, तर जगातला सर्वांत वेगवान जलतरणपटूही त्याविरुद्ध तसूभर पुढे सरकणार नाही. आपला हौशी पोहणारा त्या 80 सेकंदांत 240 मीटर खाली जाईल, आणि तेवढ्या अंतरात पुलाचा खांब, बुडालेली बाभळ किंवा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा येऊ शकतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचते. तिथे अकरावीचे कोणतेही सूत्र कामाला येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशभरात बुडून 38 हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले आहेत. त्यावर आपले उत्तर काय, तर घाटावर 'पोहण्यास सक्त मनाई' असा गंजलेला फलक. मनाई असावीच. पण पाय घसरून पडणाऱ्याला त्या फलकाचा काय उपयोग? त्याखाली आणखी चार ओळी मावतात : वाहून जाऊ लागलात तर समोरचा घाट विसरा, जो काठ जवळ असेल त्याच्याकडे काटकोनात तोंड करा, खालच्या अंगाला चढून येण्याजोगी जागा किती मीटरवर आहे, बंधारा किती अंतरावर आहे. आणि काठावरच्यांसाठी एक : माणूस पडला त्या जागी दोर घेऊन उभे राहू नका, खालच्या दिशेला पळा आणि त्याच्या पुढे जाऊन दोर टाका.