तुटलेल्या बोल्टाचा व्हायव्हा

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. त्याचा अर्थ विचारला तर आपल्यापैकी निम्मे जण झोपेतून उठून सांगतील. ८०० मेगापास्कलला तुटतो, ६४० ला कायमचा ताणला जायला लागतो. मलाही व्हायव्हात हेच विचारलं होतं, मार्कही मिळाले. पण तोच बोल्ट इंजिनात तुटून बसला तर काढायचा कसा, हे चार वर्षांत कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारायला हवं.

उन्हाळ्याच्या सुटीत वाशिमला घरी होतो. बाबांची जुनी मारुती ८०० सारखी गरम होत होती. (ही गाडी बनणं २०१४ मध्येच थांबलं, पण आमच्याकडे अजून ती ‘नवी’च आहे!) थर्मोस्टॅट अडकला असणार, हे माझं निदान बरोबर होतं. घरात इंजिनिअर असताना मेकॅनिक कशाला, असं बाबा कौतुकाने म्हणाले आणि मी पाना घेतला.

झाकणाला दोन बोल्ट. पहिला निघाला. दुसरा हलेना, म्हणून पान्याला पाइप लावला. तो फिरतोय असं वाटलं, मी खूष. फिरत नव्हता, पिळत होता. टक्! डोकं हातात.

दोष बोल्टाचा नाही. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर आणि मध्ये क्षाराचं पाणी, म्हणजे गॅल्व्हॅनिक करोजन. फर्स्ट इयरला आकृतीसकट पाठ केलं होतं की!

खरी चूक पुढेच आहे. झाकण ठोकून काढल्यावर बोल्टाचा पेरभर तुकडा बाहेर होता. तेल सोडून रात्रभर ठेवायला हवं होतं. मी लगेच व्हाइस ग्रिप लावली, तुकडा मुळाशी तुटला. मग हँड ड्रिल घेतलं. पंच नीट मारला नव्हता, बिट घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरलं. बाबा नुसते बघत उभे होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी ओळखीच्या मिस्त्री काकांना बोलावलं. ते म्हणाले, “काहून रे, येवढी घाई कायची होती? तुटला तं तुटला, त्याले अजून पिळाचं नसते.” त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली. तुकड्यावर नट धरून नटाच्या भोकातून वेल्डिंग केलं. पहिला नट निसटला, दुसराही. तिसरा धरला. जरा थंड होऊ दिलं, तेल सोडलं आणि पाना किंचित पुढे, किंचित मागे करत तुकडा बाहेर काढला. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. काकांनी तो कोइफिशंट कधी वाचला नसेल, मी वाचला होता.

वेल्डिंगनेही नाही निघाला तर बरोबर मध्यभागी भोक पाडून ईझी-आउट. पण तो कडक स्टीलचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही, दुखणं दुप्पट! आटे गेलेच तर भोक मोठं करून हेलिकॉइल बसवता येते.

आता आपलं वर्कशॉप बघा. फिटिंगचा जॉब, कारपेंट्रीचा जॉब, सगळं कोऱ्या मालावर. बिघडला तर नवा तुकडा मिळतो, नाहीतर सिनिअरचा जॉब घासून सबमिट होतो (नावं घेत नाही). बिघडलेलं सावरायचा एकही प्रॅक्टिकल नाही. अंगणातल्या गाडीला मात्र दुसरा तुकडा नसतो.

म्हणून सुचवतो, दर बॅचला तुटका बोल्ट अडकलेलं एक जुनं हेड द्यावं आणि तो काढण्यावर मार्क ठेवावेत. बोल्ट नाही निघाला तरी चालेल, आटे शाबूत राहिले पाहिजेत. भंगारवाल्याकडे अशी हेडं किलोवर मिळतात. सरांनी हो म्हटलं तर पहिलं मी आणतो, बोल्ट तोडून देण्याची जबाबदारीही माझीच.