कंसात ‘बाइट’ लिहिण्यापूर्वी

संगणकाची आज्ञावली लिहिताना यंत्राने चूक दाखवली की आमचे विद्यार्थी एक युक्ती करतात. समजा, जावा भाषेत २०० ही संख्या ‘बाइट’ प्रकारच्या चलात ठेवायची आहे. जावा नकार देते, कारण बाइटच्या आठ बिटांत -१२८ ते १२७ एवढेच पूर्णांक मावतात. मग विद्यार्थी संख्येच्या डावीकडे कंसात ‘बाइट’ लिहितो आणि तक्रार थांबते! यालाच टाइप कास्टिंग, म्हणजे प्रकाराचे रूपांतर, म्हणतात. मात्र चलात आता २०० नसून -५६ असते. जागा २५६ संख्यांचीच, म्हणून २०० मधून २५६ वजा झाले. शेराच्या मापात पायली ओतली तर सांडलेले धान्य निदान दिसते. येथे तेही दिसत नाही.

अशी आज्ञावली ‘चालली’ म्हणून आपण शिक्षक पूर्ण गुण देतो, हे मला चुकीचे वाटते. कंस लिहिणे म्हणजे संख्या मर्यादेबाहेर जाणार नाही अशी हमी देणे होय. ती कशाच्या आधारावर दिली, हे विचारलेच पाहिजे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियन-५ हे युरोपीय रॉकेट प्रथमच निघाले. त्याच्या आडव्या वेगाशी निगडित अशी ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. अशा पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. हा भाग एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतला होता आणि त्या रॉकेटच्या मार्गावर ही संख्या लहानच राही. म्हणून सात चलांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तीन मुद्दाम तशीच ठेवली होती. नव्या रॉकेटचा आडवा वेग पुष्कळ जास्त. मर्यादा ओलांडली गेली आणि दिशा सांगणारा संगणक बंद पडला. राखीव संगणक तर क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडला होता! उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. त्याबरोबर चार ‘क्लस्टर’ उपग्रहही. गंमत (कसली गंमत!) अशी की, उड्डाणानंतर त्या गणिताचा एरियन-५ ला काही उपयोगच नव्हता.

काही जण म्हणतील, ही काळजी भाषेनेच घ्यावी. पण १,६७,७७,२१७ हा पूर्णांक ‘फ्लोट’ प्रकारात नेताना जावा कंसही मागत नाही आणि १,६७,७७,२१६ साठवते. फ्लोटमध्ये सार्थ अंकांसाठी २४ बिटच असतात.

एकक न लिहिलेल्या उत्तराचे गुण आम्ही भौतिकशास्त्रवाले कापतो. यंदा प्रात्यक्षिकवहीत मी तसाच नियम केला आहे : प्रत्येक कंसाशेजारी त्या संख्येची अपेक्षित किमान व कमाल किंमत लिहायची. मुले कुरकुरतात. परवा मात्र एका मुलीने ते लिहिता लिहिता कंस स्वतःच खोडला आणि चलाचा प्रकार बदलून ‘इंट’ केला.