तळटीप तळालाच हवी!

दिवाळी अंकात तळटिपांवर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात एरंडेल वाढणे, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा! चकली खाता खाता वाचता येईल इतके सोपे लिहीन, पण गप्प काही बसणार नाही. कारण आमच्या नव्या मुंबईत, आणि नव्या मुंबईतच कशाला, अवघ्या महाराष्ट्रात, अभ्यासू निबंध छापताना त्याच्या तळटिपा कापून टाकण्याची जी साथ आली आहे ती आता सोसवत नाही.

तळटीप म्हणजे काय? वाक्याच्या शेवटी डोक्यावर एक बारका आकडा. तोच आकडा पानाच्या तळाशी, आणि त्यापुढे ते विधान कुठून आणले त्याचा पत्ता: लेखक, ग्रंथ, प्रकाशक, साल, पृष्ठ. वाण्याच्या सामानाची पावती असते ना, तशी ही विधानाची पावती. वाण्याने पावती दिली नाही तर आमची गृहिणी त्याला दुकानाच्या पायरीवरच उभा-आडवा घेते; लेखकाला मात्र आपण बिनपावतीचे सोडून देतो!

आमच्या बेलापूरचेच पाहा. चिमाजी अप्पांनी किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहण्याचा नवस केला आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडले, ही कथा मी मुलांच्या निबंधांत वर्षानुवर्षे वाचतो आहे. कथा गोड आहे. पण आकडा कुठे आहे? मुलाने ती पुस्तिकेतून उचलली, पुस्तिकेने वर्तमानपत्रातून, वर्तमानपत्राने आणखी कुठून तरी. गावाचे नाव नवसावर उभे आहे की एखाद्या बखरीवर, एवढे विचारण्याचा हक्क वाचकाला नाही काय?

बरे, हे खूळ साहेबाचे म्हणून झटकावे, तर तेही जमत नाही. महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत निघाला. तो उघडून पाहा. वर विवेचन आणि खाली बारीक टायपात मूळ संस्कृत वचने. कित्येक पानांवर तळघर माडीपेक्षा मोठे! भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली, तिच्याही पानोपानी श्लोकांखाली पाठभेदांची दाटी आहे. ही माणसे वाचकाला मूर्ख समजत नव्हती. आपल्या शब्दावर विसंबू नका, स्वतः ताडून पाहा, असे ती प्रत्येक पानावर सांगत होती.

"मग टिपा शेवटी एकत्र छापू की!" ही दुसरी पळवाट. १७७६ साली गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला तेव्हा त्याच्या टिपा अशाच मागे टाकल्या होत्या. डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ त्या वेळी मृत्यूच्या दारात होता, तरी त्याने प्रकाशकाला पत्र घालून टिपा पानाच्या तळाशी घ्यायला सांगितले. पुढे तिसऱ्या आवृत्तीत त्या तळाशी आल्यादेखील. मरणाऱ्या माणसाला जे महत्त्वाचे वाटले, ते आमच्या संपादकांना जाहिरातींच्या गडबडीत सुचत नाही.

हे सारे पोथीपांडित्य वाटत असेल तर एक ताजी गोष्ट सांगतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे नवे शहर आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनींच्या मोबदल्यासाठी लढताना जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. अशाच एका गावातल्या माझ्या विद्यार्थिनीने आपल्या गावाच्या भातशेतीवर निबंध लिहिला. खाडीचा बांध फुटला की रात्री-अपरात्री सारा गाव चिखलाची ढेकळे घेऊन धावायचा, हे तिला आजीने सांगितले होते. पोरीने तिथे आकडा टाकून तळाला टीप दिली: आजीचे नाव, वय, गाव, कुठे बसून विचारले, कोणत्या तारखेला. अगदी रीतसर! निबंध एका स्मरणिकेकडे गेला आणि छापून आला तो आकड्यांवाचून. ग्रंथांची नावे 'संदर्भ' म्हणून शेवटी लोटलेली. आजी तर कुठेच नाही. विचारले, तर उत्तर मिळाले, "आजीची कसली हो टीप?" अहो, सातबाऱ्यावरून ज्यांची नावे गेली, त्यांची पानाच्या तळाशी दोन बोटे जागासुद्धा घ्यायची काय?

छपाईवाले सांगतात की टिपांनी पान बिघडते. खिळे जुळवण्याच्या काळात हे मी ऐकून घेतले असते. पेजमेकर आला तेव्हाही टीप हाताने चौकट आखून बसवावी लागे. वरच्या दोन ओळी वाढल्या की सारे घर हलवायचे. तेही कबूल. पण इनडिझाइनमध्ये २००५ सालापासून सोय आहे. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ही तीन बटणे दाबली की आकडा वर, रेघ खाली. आकडे देवनागरी हवेत तर तेही निवडता येतात. लाटेकमध्ये ग्रंथाची माहिती एकदाच वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायची आणि लेखात नुसती खूण करायची. पहिल्या टिपेत पूर्ण पत्ता, पुढे आखूड, हे यंत्र आपण होऊन करते.

मात्र आकडा हाताने टाकू नये, हे माझे हात जोडून सांगणे. हाताने वर चढवलेला आकडा फाँट बदलताना खाली घसरतो आणि १९८४ला तिसरी टीप असली की छापून येते '१९८४३ साली'! 'तत्रैव'चीही तीच गत. मध्ये एक नवी टीप घुसली की काण्यांचे वचन भलत्याच ग्रंथकाराच्या नावावर जमा. म्हणून तत्रैव टाकायचे ते अगदी शेवटी, सगळ्या टिपा ठरल्यावर. किंवा सरळ लेखकाचे नाव व पृष्ठ पुन्हा लिहावे.

आता म्हणतील, कागद महाग झाला आहे. त्या स्मरणिकेत हात जोडून शुभेच्छा देणाऱ्या पुढाऱ्यांची चौदा रंगीत पाने होती. आजीला दोन ओळी लागल्या असत्या.