इझी निवडलं तर लाज कसली?

देहूरोडहून शिवाजीनगरची लोकल पकडली की माझा गेम सुरू. मी 'इझी' निवडलं की शेजारचा मित्र हसतो. पण गेल्या महिन्यात माझे तीनशे रुपये गेले, ते लेव्हलच न विचारणाऱ्या एका फुकट गेममध्ये.

अवघडपणा म्हणजे शेवटी आकडे: शत्रूचा फटका किती लागतो, आपल्याला वेळ किती मिळतो. 'सेलेस्ट'मध्ये (२०१८) असिस्ट मोड लावून गेमचा वेगच कमी करता येतो. 'सेकिरो'मध्ये (२०१९) अशी निवडच नाही. पण दोन्हीकडे मामला उघड आहे.

फुकट गेमचं तसं नसतं. 'कँडी क्रश'मध्ये चाली संपल्या की गोल्ड बार देऊन आणखी पाच मिळतात, आणि बार संपले की खरे पैसे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे जिंकायच्या आशेने पैसे लावायच्या गेमवर बंदी आणली. इथे जिंकून पैसे मिळत नाहीत, म्हणून ही विक्री त्या बंदीत येत नाही. सांभाळायचं आपणच.

अडकलात तर आधी सेटिंग्ज बघा. लेव्हल कमी होत असेल तर खुशाल करा. होत नसेल आणि समोर खरेदीचं बटण आलं, तर फोन सरळ खिशात टाका. परवा आकुर्डी यायच्या आत मी तेच केलं.