उडवलेल्या पाखरांचे फोटो

मंडळी, आमच्या आत्याची नेहमीची तक्रार असते, "तुझे पक्षी मेले नुसते बसलेलेच! एखादा उडणारा थवा टाक की." अगं आत्या, आजचं हे तुझ्यासाठी. जरा तिरसट झालंय, सांभाळून घे.

रविवारी पहाटेच्या लोकलने नालासोपारा आणि तिथून रिक्षाने राजोडी. सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर आलो तेव्हा भरती चढत होती. उरलेल्या वाळूवर कुरव, सुरय आणि इवलेसे चिखले दाटीवाटीने बसले होते. बरेचसे एका पायावर, चोच पिसांत खुपसून. मी लांबच फतकल मारली. तेवढ्यात पाच-सहा जण आले, गळ्यात तोफेएवढ्या लेन्स. एकजण थव्याच्या पलीकडे गेला आणि टाळ्या पिटत धावत सुटला. थवा उठला, इकडे खटाखट खटाखट! पाखरं पुढे जाऊन टेकली, की हे महाशय तिकडे. असं चार वेळा. न राहवून बोललो, तर उत्तर काय? "अहो, परत बसतातच की!"

बसतात हो. दुसरीकडे जायला जागा नसते म्हणून बसतात! ओहोटीला ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो तेव्हा ही पाखरं खातात. भरती आली की ताट झाकलं जातं, मग उरलेल्या कोरड्या तुकड्यावर विश्रांती. म्हणजे ती आपल्याला सगळ्यात जवळ सापडतात ती नेमकी त्यांच्या झोपेच्या वेळी. यातले काही चिखले तिबेट, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून आलेले. परतीच्या प्रवासाआधी अंगावर चरबी साठवायची असते, तेच त्यांचं इंधन. आपली एक टाळी म्हणजे त्या टाकीला एक भोक.

आणि कायदा? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणं, फासे लावणं यांच्याबरोबर त्यासाठी हाकणंसुद्धा आहे. आता बोला!

गंमत म्हणजे हीच मंडळी नांदूर मध्यमेश्वरला शहाण्यासारखी वागतात. 2020 साली रामसर यादीत गेलेलं ते राज्यातलं पहिलं पाणथळ. तिथे अभयारण्याची पाटी, मनोरे, वनखात्याची माणसं. चापडगावच्या मनोऱ्यावर सगळे कुजबुजत बोलतात. राजोडीला पाटी नाही, तर सगळं माफ? म्हणजे आपलं पक्षिप्रेम पाटीपुरतंच!

कुणी म्हणेल, कोळ्यांच्या होड्यांनीही पक्षी उडतातच. उडतात ना. पण होडी पोटासाठी येते आणि निघून जाते. कुरवांना तर तिच्या जाळ्यातला वाटाही मिळतो. आपण काय देतो? "फोटोंमुळे जागृती होते," हेही ऐकून झालंय. झोपलेल्याला हाकलून कसली जागृती? तो बिचारा जागा झाला, एवढंच!

आता पोटातलं सांगतो. माझ्या जुन्या फोटोंत सुरयांचा एक थवा आहे, सगळ्यांनी वाहवा केलेला. तो असाच उठवलेला. चप्पल मीच फेकली होती. गेल्या आठवड्यात तो इथून काढून टाकला. आत्या, तुझ्या आवडीचा होता, माफ कर.

मित्रहो, एक सुचवतो. भरतीच्या तासभर आधी जा, वाळूवर खाली बसा आणि गप्प राहा. पाणी चढेल तशी पाखरं आपणहून सरकत येतात. आणि यापुढे थव्याचा फोटो टाकाल, तर खाली एक ओळ लिहा : थवा आपणहून उडाला की उडवला. खरं लिहायची लाज वाटली, तर फोटो टाकूच नका.

असो. खाली रविवारचा फोटो टाकलाय. एक चिखल्या, एका पायावर, डोळे मिटलेले. बसलेलाच आहे गं आत्या.